एका हाकेला ओ

आमगावचे घनश्यामभाऊ नागपूरच्या कॉलेजात एकच वर्ष टिकले, तेही परीक्षेला न बसता. पण तेवढ्या जोरावर इथून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक पोराला तयार करून धाडायचा मक्ता त्यांनी स्वतःच घेतला होता. १९३८च्या जूनमध्ये त्यांच्या ओसरीवर आम्ही दोघे होतो: मी आणि अर्जुनीकडच्या जंगलपट्टीतला पुनाराम. तो त्याच्या गावातला पहिला मॅट्रिक. गणित त्याला माझ्यापेक्षा बरे यायचे, म्हणून मी मनातून जळायचो.

भाऊंचा सगळा भर हजेरीवर, कारण ते स्वतः त्यातच बुडाले होते. "तिथं शाळेवानी तोंड पाहून हजेरी मांडत नाईत. प्रोफेसर एकडाव नाव घेते. बोलला तं हजर, नाई तं गेला. हजेरी कमी पडली का परीक्षेले बसू देत नाईत." मग भाऊ खाटेवर प्रोफेसर होऊन बसत आणि जुने पंचांग उघडून नावे घेत.

मी पटकन "प्रेझेंट सर" म्हणालो. "पुनाराम!" तो गप्प. दुसऱ्यांदाही गप्प. तिसऱ्या हाकेला म्हणाला, "जी."

"बयरा हायेस का रे?"

"नाई."

"मंग काऊन बोलत नाईस?"

चार दिवस हेच चालले. मी वैतागून चिमटासुद्धा काढला. भाऊ चक्रावले. लाजतो म्हणावा, घमेंडी म्हणावा, की डोक्याने कमी? पाचव्या दिवशी पुनाराम एकदाचा बोलला. "पयल्या हाकेले ओ देऊ नोको, असं मायनं सांगतलं हाय. जंगलातलं काईबाई एकदाच बलावते. माणूस असन तं तीनदा बलावन."

मी फिसकन हसलो. भाऊंनी मला झापले, पण तेही पेचात पडले. समजूत खोटी म्हणावी, तर आईचा शब्द मोडायला शिकवल्यासारखे. खरी म्हणावी, तर पोरगा वर्षभर गैरहजर. शेवटी त्यांनी निरोप धाडून पुनारामच्या आईला, दुर्पताबाईला, बोलावून घेतले.

ती ओसरीच्या पायरीशीच बसली. भाऊंचे सगळे ऐकून म्हणाली, "मोठा पोरगा गेला मावा, याचा भाऊ. फागू. तेंदूपत्ता तोडाले गेलता. झाडीतून कोनीतरी एकच हाक मारली. ओ देऊन गेला, तो गेलाच."

वाघ होता, की दुसरे काही, हे विचारायची भाऊंची छाती झाली नाही. मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली.

मग दुर्पताबाई उठून अंगणाच्या टोकाला गेली, आमच्याकडे पाठ केली आणि हाक मारली, "पुनाऽ!"

एकदाच. पुनारामने भाऊंकडे पाहिले, भाऊंनी माझ्याकडे. ओ द्यावी की देऊ नये? तिला नेमके काय हवे होते, आम्हा तिघांनाही कळेना. ती पाठमोरी तशीच उभी होती. दुसरी हाक आलीच नाही.

"ओ, माय," पुनाराम कसाबसा म्हणाला.

ती वळली तेव्हा रडत होती.

"असीच देजो तिथं," ती म्हणाली. "घरी आला का मातर तिसऱ्याच हाकेले."