तिच्या ओटीतलं चाक

सिरसाळ्याच्या जिनात मी आगवाला होतो, भट्टी पेटती ठेवणारा. कापसातून सरकी काढायची यंत्रं वाफेवर चालत, आणि ती वाफ करणारे दोन बॉयलर शेजारी शेजारी, एकाच नळाला जोडलेले. एक चालू ठेवून दुसरा धुवायचा. धुवायचा म्हणजे माणसानं आत शिरायचं. आमच्याकडच्या विहिरींचं पाणी लई खारट. हंड्याच्या बुडाला पांढरी खपली धरते तशी बॉयलरला आतून धरायची, भाकरीएवढी जाड. ती हातोडीनं फोडली न्हाई तर पत्रा तापून फाटतो आणि माणसं मरतात. म्हणून फोडायची.

त्यात घाई चालत न्हाई. आग विझली की बॉयलर आपसूक गार होऊ द्यायचा. थंड पाणी ओतलं की पत्रा तडकतो. मग झाकण काढून कंदील दोरीनं आत सोडायचा. तो मंदावला तर आतली हवा वाईट, थांबायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नळावरचा व्हॉल्व्ह बंद करून त्याचं चाक काढून घ्यायचं. चाक नसलं की तो कुणाला उघडता येत न्हाई. उघडला तर शेजारची वाफ आतल्या माणसावर. मग त्याला बाहेर आणायला गोणपाट लागतं.

आमचे मिस्त्री हैदराबादेकडचे. ते म्हणायचे, "चाक जिसके पास, जान उसके पास." ते होते तोवर चाक त्यांच्या खिशात राही. ते गावी गेले ते परत आलेच न्हाईत. मुनीम म्हणाला, खिळ्याला अडकव. खिळ्याला काय कळतंय? मी चाक बायकोच्या हातात दिलं. ती तिथंच कापूस निवडायला होती. मी आत शिरलो की बॉयलरला पाठ लावून बसायची आणि चाक ओटीत खोवायची, सवाष्णीनं ओटीचा नारळ घ्यावा तसं.

गडी हसले. आम्हाला लेकरू न्हवतं. एक जण म्हणाला, वहिनीच्या ओटीत लोखंड पडलंय, आता इंजनच होईल. ती मान वर न करता म्हणाली, "होऊ द्या. तुमच्या पोरांपरीस कामाचं निघंल."

आत अंधार, घाम, तोंडात खाराची भुकटी. मी थोड्या थोड्या वेळानं पत्र्यावर ठोकायचो, ती बाहेरून चाकानं ठोकून उत्तर द्यायची. मग मी पुढचं काम करायचो. बाहेर आलो की तिचं ठरलेलं, "समदे आलाव का? आत काई इसरलं न्हाई ना?" मी म्हणायचो, "समदा आलो." मगच चाक माझ्या हातात. दुसऱ्या कुणाच्या हातात कधी दिलं न्हाई.

एका हंगामात कापसाच्या गाड्या लई थटल्या. मुनिमाला वाटलं मी भाकर खायला गेलतो. हाही बॉयलर चालू करायचा म्हणून तो तिच्याकडं चाक मागायला आला. मी आतून ऐकत होतो. आत आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. त्यानं कामावरून काढायची धमकी दिली. ती म्हणाली, "काढा. पर चाक त्यांच्याच हातात देणार." आणि बसून राहिली. मी बाहेर आलो तेव्हा मुनीम निघून गेलता आणि तिनं नेहमीसारखंच विचारलं, समदे आलाव का.

पुढं एका वर्षी बॉयलर अर्धा धुवून झाला आणि तिला ताप भरला. काम अर्धं म्हणून चाक तिच्यापाशीच होतं. मी काम सोडून खोलीत तिच्या उशाशी बसलो. वैदाचा काढा तिच्या घशाखाली उतरेना. ती चाक दोन्ही हातांनी पोटाशी धरून पडलेली. मुनिमानं गडी पाठवला, दुसरा माणूस आत घालतो, चाक द्या. तिनं दिलं न्हाई. मी मागितलं तर माझ्याकडं परक्यासारखं बघितलं. म्हणाली, "तुमी कोण? आमचे मालक आत हायेत."

मी तिला सांगून सांगून थकलो. अगं मी बाहेर हाय, तुझ्या म्होरं बसलोय. तिला पटेना. डोळा लागू देत न्हवती. तो ताप होता का राखणीची धास्ती, मला कळेना.

जिनातल्या आमच्या खोल्या पत्र्याच्या होत्या. मी दुपारच्या उन्हात बाहेर गेलो, भिंतीमागं उभा राहिलो आणि हातोडीनं पत्र्यावर ठोकलं. मग आतून चाकाचा आवाज आला, लई हळू. मी दारातून वाकून शिरलो, झाकणातून निघतो तसा.

"समदे आलाव का?" तिनं विचारलं.

"समदा आलो."

तिनं चाक माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटले. दिवस मावळायच्या आत गेली. बायांनी तिची ओटी भरली, हिरवा खण, तांदूळ, नारळ. मी चाक धरून दाराशी उभा होतो. मला कुणी काही विचारलं न्हाई.

अर्धा राहिलेला बॉयलर मीच धुतला, चाक कमरेला बांधून. आत सवयीनं ठोकलं आणि हात तसाच वर राहिला.

आता म्हातारा झालो. कुणी म्हणतं, तू ठोकलंस म्हणून बाई सुखानं गेली. असंल. पर मला उलटंच वाटतं. चाक तिच्या हातात होतं तोवर ती माझ्यासाठी बसून होती. अजून बसली असती. मग मी कशाला ठोकलं?