मान डोलावणाऱ्या बाई

जपानी शिकवणाऱ्या बाईंना माना मोजायचं वेड होतं, आणि त्या वेडावर त्या चक्क पीएच.डी. करत होत्या. जपानी माणूस बोलत असताना समोरच्याने गप्प बसून चालत नाही. दर चार शब्दांमागे "हं", "हो का", "अस्सं" म्हणत मान हलवायची, नाहीतर बोलणाऱ्याला वाटतं, याला झोप लागली. बाईंचं म्हणणं एवढंच, की हे आपोआप येत नाही, वर्गात धडा म्हणून शिकवावं लागतं.

ते सिद्ध करायला त्यांनी बारा विद्यार्थी घेतले. सहाजणांना महिनाभर माना हलवायला शिकवलं, सहाजणांना मुद्दाम कोरं ठेवलं. मग एकेकाला एका जपानी आजींशी गप्पा मारायला बसवून कॅमेरा लावला. दर मानेला वहीत एक उभी रेघ ओढत मोजणी केली, तर दोन्ही गट जवळपास बरोबरीत! कोरे तर दोन मानांनी पुढेच. तीन वर्षं पाण्यात. मुदतवाढही संपलेली, आणि सोमवारी निकाल दाखवायचा तो मार्गदर्शक सरांना. त्यांना सगळे 'पूर्णविराम' म्हणत, कारण कोणाचंही ऐकताना त्यांची भुवईसुद्धा हलत नसे.

रविवारी बाई कपाळाला हात लावून पडद्यापुढे बसल्या होत्या. शेजारी आई वाटाणे सोलत होती. तिला जपानीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे ती नुसती तोंडं बघत होती.

"काय गं, त्या डाव्या बाजूला काय आहे?" आईने विचारलं.

"कुठल्या बाजूला?"

"ही सगळी त्या आजींकडे कमी आणि तिकडेच जास्त बघतायत."

बाईंनी डोळे फाडून पाहिलं. खरंच की! त्या बाजूला, कॅमेऱ्यात न आलेल्या दाराजवळ, होती खुर्ची. खुर्चीत होत्या स्वतः बाई, आणि तिथे बसून त्या काय करत होत्या, ते त्यांना आता लख्ख आठवलं. "तिथे मीच बसले होते," त्या पुटपुटल्या.

"तुला बघून डोलतायत गं ती," आई म्हणाली. "लहानपणी शेजारीण फोनवर बोलायची, तरी तू आपली खिडकीतून मान हलवायचीस."

बाईंना आधी रडू फुटलं, मग हसू, आणि त्या हसण्यात वाटाण्यांचं ताट उपडं झालं. मायलेकी पलंगाखाली शिरून वाटाणे गोळा करत खिदळत राहिल्या.

सोमवारी बाई सरांपुढे जाऊन बसल्या. काही लपवलं नाही. आईच्या वाटाण्यांसकट सगळं सांगून टाकलं. पूर्णविराम ढिम्म.

"सर, प्रयोग मीच बिघडवला."

"कोऱ्या मुलांना माना हलवायला कोणी शिकवलं?"

"मीच. म्हणजे, न शिकवता."

"मग प्रबंध त्याच्यावरच लिहा. या खेपेला कॅमेरा तुमच्यावर लावा. मुदतीचं मी बघतो."

"खरंच, सर?"

सरांची मान हलली. बाईंच्या हाताने सवयीने वहीत एक उभी रेघ ओढली.