परंड्यातला बापूराव सामुराई

"तुझा तो तलवारीचा जपानी पिक्चर पेनड्राइव्हवर घेऊन ये, आणि दोन दिवस राहायच्या तयारीनं ये," असा सलीमचा फोन आला तेव्हा मला आधी हसूच आलं. सलीम म्हणजे सोलापूरच्या हॉस्टेलमधला माझा रूम पार्टनर. परंड्यात त्याचा मांडव आणि साऊंडचा धंदा आहे. कॉलेजात असताना हा गडी थेटरात इंटर्व्हलनंतर हमखास झोपायचा, आणि आता याला जपानी सिनेमा हवा होता. मग त्यानं खरं काय ते सांगितलं. अम्मी गेल्यापासून त्याचे वडील, हमीदचाचा, बोलेनासे झाले होते. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, दुखणं काही सापडलं नाही. विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच. "घरात टीव्ही मीच चालू ठेवतो रे दिवसभर, नाहीतर करमत नाही," सलीम म्हणाला.

यात सामुराईचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. तर हमीदचाचा तरुणपणी जत्रेतल्या तंबू टॉकीजबरोबर गावोगाव फिरायचे. परदेशी मारामारीचा पिक्चर लागला की पडद्याशेजारी माईक घेऊन उभं राहायचं आणि पब्लिकला गोष्ट सांगत जायची, हे त्यांचं काम. भाषा त्यांनाही कळायची नाही. पण सास्तूरपासून अणदूरपर्यंत लोक पिक्चरचं नाव विचारायचे नाहीत, चाचा आलेत का ते विचारायचे. सलीमला एवढीच आशा होती, की असला पिक्चर समोर आला तर बाप तोंड उघडेल.

जायची सोपी वाट सांगतो. पुण्याहून सकाळची रेल्वे धरायची, भिगवणनंतर खिडकीतून उजनीचं पाणी बघत बसायचं आणि कुर्डुवाडीला उतरायचं. तिथून परंड्याची एसटी मिळते. गाडी करून यायची काही गरज नाही, एसटीचं भाडं किरकोळ आहे आणि करमणूक फुकट. माझ्या शेजारच्या आजींनी मी कुणाचा, कुणाकडं चाललो, लेकरं किती, हे सगळं पहिल्या दोन थांब्यांतच काढून घेतलं. जानेवारीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती. याच दिवसांत जा, हुरडा मिळतो.

स्टँडवर सलीम मोटरसायकल घेऊन उभा होता. घरी गेलो. चाचा ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी सलाम केला, त्यांनी हात उचलला, संपलं. सलीमची बायको नसरीन हिनं ज्वारीची भाकरी, खारं मटण आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. चाचा मान खाली घालून जेवत होते. ते उठून गेल्यावर नसरीन हळूच म्हणाली, "अम्मी अब्बांच्या आधी कधीच जेवल्या नाहीत. तंबूवरनं यायला किती का उशीर होईना, ताट झाकून बसून राहायच्या. शेवटी दवाखान्यात होत्या तरी विचारायच्या, यांनी खाल्लं का म्हणून." मग तिनंच आणखी चटणी वाढली आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, लग्नाची तारीख नव्हती, म्हणून मंगल कार्यालय रिकामं मिळालं. सलीमनं खिडक्यांना मांडवाचे पडदे मारून भर दुपारी अंधार केला आणि स्टेजवर पांढरं कापड ताणलं. चार वाजेपर्यंत निम्मा हॉल भरला. चाचांना पहिल्या रांगेत बसवलं आणि शेजारच्या खुर्चीवर माईक नुसता ठेवून दिला.

आता या पिक्चरबद्दल. नाव सांगत नाही, ते उच्चारताना माझीच जीभ अडखळते. मी तो चार-पाच वेळा पाहिलाय, आणि पाहताना कुणी वेफर्सची पिशवी जरी वाजवली तरी माझं डोकं फिरतं. धनी मेल्यामुळे बेवारस झालेला एक सामुराई डोंगरात झोपडीत राहतो. सुरुवातीला बराच वेळ संवादच नाही. तो लाकडं फोडतो, भात शिजवतो, दोन वाडग्यांत वाढतो. एक आपल्यापुढं आणि एक समोरच्या रिकाम्या जागेपुढं. मला ही सुरुवात म्हणजे सिनेमाचा कळस वाटते.

परंड्याला ती साऊंड बिघडल्यासारखी वाटली.

"सलीमभाई, आवाज गेला वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं. सलीमच्या माणसानं धावत जाऊन वायर हलवली. स्पीकर लग्नातले होते, ते असे किंचाळले की सामुराईसुद्धा दचकला असता. मी उठून सांगितलं, "आवाज आहे, हा बोलतच नाहीये." "मग आमाला कशाला बोलावलं?" असं उत्तर आलं आणि हॉल हसला. पहिली मारामारी आली तेव्हा जरा बरं वाटलं. पण रक्ताची चिळकांडी उडाल्यावर बायकांच्या रांगेतून "अगं बाई, नळच फुटला" असं ऐकू आलं. खाली इंग्रजी पाट्या धावत होत्या, त्या वाचणारा मी एकटा. दोन योद्धे समोरासमोर उभे राहून एकमेकांकडं बघत राहिले, तर एक आजोबा वैतागून म्हणाले, "मार की आता, लाईट जाईल." लोक उठून चहाला जायला लागले. चाचा पडद्याकडं बघत होते, पण माईककडं त्यांचं लक्षही नव्हतं. सलीम भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मग पुन्हा झोपडी आली. पुन्हा भात, पुन्हा दोन वाडगी. "दुसरं कुणाला वाढतंय हे येडं?" मागून प्रश्न आला.

"बायकोला," चाचा म्हणाले.

माईक न घेताच म्हणाले. पहिल्या दोन रांगांना तेवढं ऐकू गेलं असेल. सलीम भिंतीपासून सुटला आणि तसाच थांबला. चाचांनी घसा खाकरला, माईक उचलला, बोटानं दोनदा टकटक केलं. आवाज फाटका होता, पण हॉलच्या टोकापर्यंत गेला.

"बसा मंडळी, बसा. चहा कुठं पळून जात न्हाय. ह्या गड्याचं नाव आपण ठेवू बापूराव. बापूरावची बायको वारली. तवापासनं ह्याला बोलायला कुणी न्हाय, म्हणून गप हाय. साऊंडला काय बी झालं न्हाय."

मला सांगायला हवं, की हे साफ चूक होतं. त्या वाडग्याचा धनी सामुराईचा धाकटा भाऊ. मालकाच्या हुकमावरून सामुराईनं स्वतःच त्याला मारलेलं असतं, आणि सगळा पिक्चर त्या पापाचा आहे. खाली पाटीत ते लिहून येत होतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण लोक बाहेरून परत येऊन बसत होते आणि मी माझी जीभ आवरली.

पुढचा तासभर काय सांगू. खलनायकाचं नाव तिरळ्या पडलं. सावकाश बोलणारा सरदार आला की चाचा त्याला दक्खनीत बोलायला लावायचे, "मियाँ, जरा सबर करो." तलवार उपसायच्या आधीची ती लांबलचक शांतता आली की चाचा आवाज बारीक करत, "आता हलू नका कुणी," आणि कुणी हलत नसे. "बापूराव, मागं बघ!" असं बायका ओरडत होत्या. मी पाट्या वाचायच्या कधी सोडल्या ते मलाच कळलं नाही.

सलीमनं मला आधी सांगून ठेवलं होतं, की चाचांचा एक नेम असायचा. शेवटच्या सीनला ते माईक बंद करायचे. शेवट पब्लिकनं आपला आपण बघायचा. जुनी माणसं ते विसरली नव्हती. तिरळ्या पडला, जखमी बापूराव झोपडीकडं निघाला, तशी ती चुळबुळ थांबवून सावरून बसली. चाचांनी माईक मांडीवर ठेवला.

सामुराईनं भात वाढला. दुसरं वाडगं पुढं सरकवलं. अख्ख्या पिक्चरमध्ये तो पहिल्यांदाच त्या रिकाम्या जागेशी बोलतो. खाली पाटी आली, भावा, मला माफ कर.

चाचांनी माईक परत तोंडाशी नेला.

"आलो म्या," ते म्हणाले. "लई उशीर झाला. आता जेवून घे."

दिवे लागल्यावर लगेच कुणी उठलं नाही. नसरीन पदरानं डोळे पुसत होती. सलीम वायरी गुंडाळायचं निमित्त करून स्टेजमागं गेला, मी त्याच्यामागं गेलो. तो वायरींवर बसून रडत होता. मी शेजारी बसलो. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सोमवारी सकाळी चाचाच मला किल्ला दाखवायला घेऊन गेले. भुईकोट आहे, भोवती खंदक, बुरुजांवर तोफा. चढ फारसा नाही, पण गवतातनं चालायचंय तेव्हा बूट घाला आणि पाणी जवळ ठेवा, आत काही मिळत नाही. चाचा तोफांबद्दल बोलले, तंबूबद्दल बोलले, जत्रेतल्या पावसाबद्दल बोलले. मग बुरुजावर टेकले आणि म्हणाले, "खरं सांग, ते वाडगं कुणाचं व्हतं?"

मी सांगितलं. भावाचं.

त्यांनी खंदकाकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, माती केली मी.

"काय तरीच," चाचा म्हणाले. "भावासाठी रोज गरम भात कोण करतंय?"

निघताना नसरीननं हुरडा बांधून दिला. सलीमनं कुंथलगिरीचे पेढे आधीच आणून ठेवले होते. खरपूस, तपकिरी. त्या भागात गेलात तर चुकवू नका.

पुण्यात आल्यावर मी तो पिक्चर पुन्हा लावला, एकट्यानं, दार लावून, माझ्या शिस्तीत. शेवटी पाटी आली. मी ती वाचली, आणि मला ऐकू आलं ते भलतंच. आता तो पिक्चर माझा राहिला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. परवा सलीमचा फोन होता. मी विचारलं, चाचा बोलतात का. "बोलतात म्हणजे! काल भाजीत मीठ कमी म्हणून नसरीनला दोनदा ऐकवलं." मागून चाचांचा आवाज आला, फोन दे इकडं म्हणून.

"पुढच्या बारीला बी तिकडचाच पिक्चर आण," ते म्हणाले. "ती मान्सं कमी बोलत्यात. मला जागा मिळती."