चारचाकी सायकलवरून अलिबागला

किहीमच्या ज्या बंगल्याची राखण माझे बाबा करत, तिथल्या पडवीत चार चाकांची एक सायकल होती. मागं दोन मोठी चाकं, पुढं दोन लहान, मधे दोघांनी शेजारी शेजारी बसून पॅडल मारायचं, आणि वळवायला समोर एक दांडा. मुंबईच्या शेठच्या वडिलांनी ती तरुणपणी विलायतेहून आगबोटीनं आणवली होती. त्या काळी दोन चाकांवर बसायला भले भले घाबरत, म्हणून ही चार चाकं, असं बाबा सांगत. पुढं हवेच्या टायरांच्या दुचाक्या निघाल्या, मग शेठकडं मोटार आली आणि हे धूड किहीमला येऊन पडलं. मे महिन्यात पाहुणे वाडीत तिच्यावरून हिंडत. एरवी गंजू नये म्हणून बाबा तिला खोबरेल चोळत.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. भातकापणीचे दिवस. सकाळी बाबा नारळाच्या सोडणांचा ढीग उपसत होते, आणि एकदम ओरडले. आई आणि मी धावलो. नाग ढिगाखाली शिरताना मी डोळ्यांनी पाहिला. बाबांच्या घोट्यावर रक्ताचे दोन ठिपके होते.

गावातल्या बैलगाड्या शेतांवर, पुरुषही तिकडंच. दवाखाना अलिबागला.

"सायकल काढ," बाबा म्हणाले.

"मला कुठं येते ती?" आई म्हणाली.

"मी सांगतो. तू दांडा धर. दोघी मिळून पॅडल मारा."

मागं सामान ठेवायची फळी होती. तिच्यावर बाबांना बसवून आम्ही त्यांना पाठीमागच्या गजाला लुगड्यानं बांधलं. आईनं नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला. बाईमाणूस असं रस्त्यानं चाललेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं, पण त्या वेळी लाजेला जागाच नव्हती. भरीव रबराची ती चाकं खड्ड्याखड्ड्यातून अशी आदळत की माझे दात एकमेकांवर वाजत.

"डावीकडं घे... आता सरळ..." मागून बाबा सांगत होते. हळूहळू त्यांचे शब्द जड झाले, नाकातून यायला लागले. मी मागं वळून पाहिलं. त्यांच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या.

"अहो, बोलत राहा!" आई ओरडली.

"डोळं... उघडत न्हाय."

पुढं उतार लागला. मी ब्रेकची मूठ ओढली, ती नुसतीच हातात फिरली. गाडी सुटली. पॅडल आपोआप गरगरू लागली, माझ्या नडग्यांवर बसू लागली. मी पाय वर घेतले आणि आईचा दंड धरला. समोर वाटेत म्हशी. आई ना ओरडली, ना रडली. तिनं दांडा एका अंगाला दाबला, आणि आम्ही खाडीकाठच्या बांधाच्या चिखलात जाऊन रुतलो.

खाडीला भरती होती. पाणी चाकांना लागलं होतं. आम्ही दोघी ढकलत होतो, गाडी हलत नव्हती. आणि मागून आता आवाज येत नव्हता.

"बाबा!" मी हाका मारत होते. "बाबा, ओ द्या!"

जवळच्या मिठागरातली माणसं धावत आली. "काय झालं गं, बाय?"

"नाग डसलाय," आई म्हणाली.

त्यांनी बाबांसकट ती सायकल खांद्यावर उचलली आणि बांधापलीकडं नेली. मग दोघं पॅडलवर बसले, बाकीचे ढकलत पळाले. आम्ही मायलेकी मागून धावलो. बाबांची मान चाकांच्या प्रत्येक हिसक्याला हलत होती. तो हिसका सोडला तर ती हलत नव्हती, तेवढंच मला दिसत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली. "श्वास चालू आहे, पण वेळ लागेल," ते म्हणाले. त्यानंतर आम्हाला कुणी काही सांगेना. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. आईची बोटं अजून दांडा धरल्यासारखीच वळलेली होती. मी ती एकेक करून सोडवली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले. घोट्याची जखम बरेच महिने चिघळली आणि ते कायमचे जरा लंगडत राहिले, पण राहिले. शेठ आले तेव्हा वाकलेला दांडा पाहून त्यांनी आईला हात जोडले.

गावातल्या बायका पुढं कितीतरी दिवस येऊन तिला विचारायच्या, "चालवताना कसं गं वाटलं?"

"भीती वाटली," आई म्हणायची, आणि हातातलं काम करत राहायची. "दुसरं काहीच वाटलं नाही."