हळदीच्या वखारीतला तराजू

हळदीची बरणी उघडली, की त्या उग्र, मातकट वासाबरोबर माझ्या एकटीच्या स्वयंपाकघरात सांगलीची एक दुपार येऊन उभी राहते. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. माझा थोरला भाऊ, दादा, वजने उचलण्याच्या स्पर्धेसाठी आगबोटीने विलायतेला निघणार होता. त्याची निवड सर्वांत हलक्या गटात झाली होती. दुसऱ्या दिवशी मुंबईत त्याचे वजन होणार होते. ते गटाबाहेर गेले असते, तर त्याची जागा दुसऱ्याला मिळाली असती.

वखारीतल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात गटाच्या मर्यादेइतकी वजने ठेवली, दुसऱ्यात दादा बसला आणि त्याचे पारडे खाली गेले. वजन शेरभराने जास्त भरले.

“काय रं गड्या, भनीनं लय पोसलंय तुला!” वखारवाले अण्णा हसले.

मी मान खाली घातली. आई नसलेल्या त्या घरात आठ दिवस मी त्याच्या कोरड्या भाकरीला चोरून तूप लावत होते.

दादा घोंगडे पांघरून भर उन्हात कृष्णेच्या वाळूत धावत राहिला. पाण्याचा तांब्या घेऊन मी काठावर बसले, पण त्याला घोटही वर्ज्य होता. तो परत तराजूत बसला, तेव्हा पारडे अलगद वर गेले.

त्याला तूप कळलेच नाही, असे मी तेव्हा मानले. उपाशी जिभेपासून तूप लपत नाही, हे आता उमगते. माझे मन मोडू नये म्हणून तो मुकाट्याने खात होता.

पारड्यातून उतरून, तडकलेल्या ओठांनी त्याने मला एवढेच विचारले, “जेवलीस?”