वरच्या मजल्यावर कोण राहतं

मुलांनो, कोलकात्यातलं हे बेहाला भागातलं घर कधीतरी तुमच्याकडे येईल. तेव्हा कराचा कागद कसा वाचायचा हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून लिहिते आहे. मराठी अडलं तर बाबाला वाचून दाखवायला सांगा. घराचे सगळे कागद कपाटात डाव्या बाजूच्या फायलींत आहेत, वर्षांच्या क्रमाने लावलेले. तो क्रम कृपा करून मोडू नका.

पहिली गोष्ट, नोटीस म्हणजे बिल नव्हे. बिल आलं की भरायचं, नोटीस आली की वाचायची. तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती मिळेल, याचा अंदाज महापालिका नोटिशीत मांडते आणि त्यावरून यंदा किती कर लावायचा विचार आहे ते सांगते. विचार आहे, अजून ठरलेलं नाही. घर केवढं, किती जुनं, समोरचा रस्ता किती रुंद, छत पक्कं की पत्र्याचं, हे सगळं त्यात धरतात. आणि आत कोण राहतं तेही. मालक स्वतः राहत असेल तर आकडा कमी, भाडेकरू असेल तर चांगलाच जास्त. पटलं नाही तर दिलेल्या मुदतीत हरकत घ्यायची, मग सुनावणीला बोलावतात. मुदतीत काहीच कळवलं नाही, तर सगळं मान्य आहे असं धरतात. हे शेवटचं अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतं. मी आधी तेच वाचते.

तुमचे आजोबा गेले त्यानंतरच्या वर्षी जी नोटीस आली, तिच्यात तळमजल्यापुढे ‘मालक’ लिहिलं होतं आणि वरच्या मजल्यापुढे ‘भाडेकरू’.

आपल्याकडे भाडेकरू कधीच नव्हता. आजोबा कस्टम्समध्ये होते. बदली होऊन आम्ही इथे आलो आणि त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षं खिदिरपूरच्या गोदीत गेली. बरोबरचे सगळे निवृत्त होऊन पुण्याला, नागपूरला परतले. आजोबांनी मात्र दोघांच्या नावावर हे घर घेतलं. पुढे माझ्या गुडघ्यांनी जिना नको म्हटलं आणि मी खालच्या खोलीत झोपू लागले. ते वरच राहिले. बाहेरून जाणारा जिना, वेगळा वीजमीटर, आणि दारावर त्यांनी हौसेने लावलेली देवनागरी पाटी. गल्लीत एक तरी दार मराठीत असावं, असं म्हणायचे. खालची इंग्रजी पाटी माझी. शिकवण्या घेत होते तेव्हापासूनची.

ते गेल्यावर मी वरचं काही हलवलं नाही. त्यांच्या चपला दाराबाहेरच होत्या. एकट्या बाईच्या घरी पुरुषाच्या चपला दिसलेल्या बऱ्या, असं मी विचारणाऱ्यांना सांगायची. तिन्हीसांजेला घरात कुठे अंधार असू नये, ही माझ्या आईची शिस्त. म्हणून कठडा धरून, एकेक पायरी थांबत मी रोज वर जायची आणि दिवा लावून यायची.

नोटिशीच्या आधी मोजणीसाठी एक तरुण माणूस आला होता. दुपारची वेळ. खालचं मोजून झाल्यावर तो फीत घेऊन जिना चढला आणि त्याने दार ठोठावायला हात उचलला. मी अंगणातून बघत होते. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, “वाजवू नका. झोपलेत.”

त्याने हात खाली घेतला. चपलांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, फिरणाऱ्या मीटरकडे पाहिलं. मग चवड्यांवर चालत बाहेरूनच माप घेऊन उतरला. जाताना मला हळू आवाजात थँक यू म्हणाला. तो गेला तरी मी तिथेच उभी होते. आपण काय बोललो ते मला कळत होतं, पण त्याला परत हाक मारावी असं वाटेना.

त्याने समोरच्या घरीही चौकशी केली असावी. तिथे एक जोडपं नव्याने राहायला आलं होतं. त्यांनी आजोबांना कधी पाहिलेलं नव्हतं. ती मुलगी मला माशिमा म्हणते, म्हणजे मावशी. नोटीस आली त्याच आठवड्यात तिने गॅलरीतून माझी चेष्टा केली.

“माशिमा, तुमचे वरचे बाबू फार भाव खातात. रोज संध्याकाळी खिडकीकडे पाठ करून बसतात. एकदा तरी तोंड दाखवायला सांगा.”

मी हसले. शाल लटकत असेल, असं काहीतरी म्हणाले. मग वर जाऊन पाहिलं. शाल कपाटात घडी घातलेली होती, तिच्यावर मंकी कॅप. खुर्ची नेहमीप्रमाणे टेबलाखाली सरकवलेली, आणि टेबल खिडकीच्या समोरच्या भिंतीला. खिडकीजवळ काहीच नव्हतं. मी दिवा लावला आणि खाली आले.

एक मात्र इथे लिहून ठेवते. खाली निजलेली असताना मला कधीकधी वरून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. जुनं लाकूड गारठ्यात बोलतं, असं बाबा म्हणाला. पण तेव्हा गारठा नव्हता.

बाबाने फोनवर सगळं सोपं करून सांगितलं.

“आई, दोनच वाक्यांचं काम आहे. वरचा मजला रिकामा आहे, कोणी राहत नाही. सही कर आणि पाठवून दे. नाहीतर मी इथून करतो.”

मी करते म्हणाले. कागद घेतला, पेन घेतलं. सगळ्या गल्लीचे इंग्रजी अर्ज आजवर मीच लिहून दिलेत, दोन वाक्यांचं मला काय! पण ‘रिकामा’ या शब्दापाशी हात थांबायचा. भाडेकरू आहे हे खोटं होतं, ते मान्य करणं शक्य नव्हतं. आणि कोणी नाही हे लिहायचं, तर ते मला एकदा स्वतःशी म्हणून पाहावं लागत होतं. ते जमेना. मुदत सरत आली तेव्हा मी फक्त ‘नोंद चुकीची आहे’ एवढंच लिहून हरकत दाखल केली.

सुनावणीला एकटीच गेले. अधिकारी बाई माझ्याहून बरीच लहान होती. टेबलावर फायली, त्यांच्या आडून डोकावणारा चहाचा थर्मास. तिने इंग्रजीत विचारलं, वर भाडेकरू आहे का. मी नाही म्हणाले. मग रिकामं आहे का. मी हातातल्या नोटिशीची घडी घातली. तिने पुन्हा विचारलं, मी ती उलगडली. बाहेर लोक थांबले होते. तिने चष्मा काढला आणि बंगालीवर आली.

“माशिमा, मला काहीतरी एक लिहावं लागेल. वरच्या मजल्यावर कोण राहतं?”

“मी राहते,” मी म्हणाले.

“आणि खाली?”

“खालीही मीच.”

तिने माझ्या गुडघ्यावर टेकलेल्या काठीकडे पाहिलं. मग म्हणाली, माणूस पुन्हा येऊन बघून जाईल. मी म्हटलं, येऊ द्या. तिने दाखवलं तिथे सही केली.

सही केली म्हणजे ते खरं करणं आलं. घरी ऑटोतून उतरले ती समोरच्या मुलीला हाक मारूनच. तिच्या नवऱ्याने माझी गादी वर नेली. तिने कपडे, औषधं, पाण्याचा तांब्या नेला. “आणि बाबू?” तिने विचारलं. “बाबू नाहीत,” मी म्हणाले. एवढंच, पण जिन्यात उभी राहून, मोठ्याने. ती खिडकीकडे बघत राहिली. आजोबांच्या चपला मी आत घेतल्या आणि माझ्या चपलांशेजारी ठेवल्या.

मोजणीवाला परत आला तेव्हा मी वर, दाराच्या आतच होते. त्याने बाहेरून विचारलं, “आता वाजवू का?”

“वाजवा,” मी म्हणाले.

त्याने वाजवलं. मी उघडलं. त्याने गादी पाहिली, माझा चष्मा पाहिला, लिहून घेतलं. नोंद बदलली.

तेव्हापासून मी वर झोपते. खालची खोली झाडून, पुसून, कुलूप लावून ठेवलेली असते. तिन्हीसांजेला आता उतरते ती तिथला दिवा लावायला. खुर्चीचा आवाज हल्ली खालून येतो.

नोटीस आली की तळाची ओळ वाचून मी ‘कोण राहतं’ तोच रकाना बघते. दोन्ही मजल्यांपुढे ‘मालक’. नावं अजून दोघांची आहेत. मी कागद फायलीत लावते आणि मुदत संपेपर्यंत काही कळवत नाही.