पट्टीवरच्या आडव्या भेगा

उभं आयुष्य त्यांनी गाड्यांमध्ये तिकिटं तपासण्यात घालवलं, म्हणून निवृत्तीनंतरही सगळी गल्ली त्यांना चेकरकाका म्हणे. समोरचा गयावया करतोय म्हणजे विनातिकीट, हा त्यांचा ठोकताळा. घरातही तोच खाक्या. मुलाला यायला उशीर झाला की चपलांना कुठली माती लागलीय ते आधी बघणार.

अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला. फिजिओबाईंनी व्यायामासाठी रबराची रुंद पट्टी दिली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं मुठीत धरून ओढायचं. व्यायाम झाल्यावर काका ते टोक पलंगाच्या दांड्याला अडकवून पट्टी ताणलेलीच ठेवत. टोक सोडलं तर ते खिडकीखाली लोंबकळलं असतं, पुन्हा हातात द्यायला सुनेला हाक मारावी लागली असती, आणि ते त्यांच्या अगदी जिवावर येई.

एका सकाळी पट्टीवर आडव्या रेघा दिसल्या. बारीक, एकीखाली एक, ब्लेडनं ओढल्यासारख्या. थोड्याच दिवसांत रेघांच्या भेगा झाल्या, त्यांत नख अडकू लागलं. मग ओढता ओढता पट्टी तुटली आणि सणकन गालावर बसली.

खोलीत दिवसभर येणारी एकटी सूनच. चादर बदलायला, औषध द्यायला, शिवाय कोपऱ्यात तिनं हवा शुद्ध करायचं यंत्र आणून ठेवलं होतं, ते चालू करायला. दाराआडून फोनवरचं तिचं बोलणंही काकांनी ऐकलं होतं, "नाही हो, आता घरात हे जमणार नाही." म्हणजे हात बरा होऊ द्यायचा नाही आणि मग आपली रवानगी एखाद्या आश्रमात! काकांनी मनाशी सगळं पक्कं केलं.

तरी पुरावा हवाच. त्यांनी मुलाकडून नव्या पट्ट्या मागवल्या. एक नेहमीसारखी खिडकीला ताणली. दुसरी मुलाकरवी कपाटात, आतल्या दोन हुकांमध्ये ताणून ठेवली आणि किल्ली उशीखाली घातली. तिसरी खिडकीतच नुसती टाकून दिली. आठवड्याभरात खिडकीला ताणलेली पट्टी भेगाळली. कपाटातली कोरी करकरीत. खिडकीत नुसती पडलेलीही तशीच.

"बघ!" काका मुलावर ओरडले. "कुलपातली वाचली. मी वापरतो तीच नेमकी कापली. विचार तुझ्या बायकोला, ब्लेड कुठं ठेवते ते."

सून दारातच उभी होती. "बाबा, मी तुमची पट्टी कापेन?"

"फोनवर काय म्हणालीस? घरात जमणार नाही म्हणून?"

"शिवणाच्या क्लासबद्दल बोलत होते. बायका इथे शिकायला येतात, गलका होतो, तुमची झोपमोड होते. म्हणून बंद केला क्लास." एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवसापासून औषध मुलगाच देऊ लागला.

फिजिओबाई आल्या तेव्हा काकांनी मोठ्या तोऱ्यात पट्टी पुढे केली. बाईंनी ती ताणून उजेडात धरली.

"काका, ब्लेडचे घाव असे नसतात. इथे केसाएवढ्या भेगा आहेत, इथे खोल, आणि सगळ्या ओढीला आडव्या." मग त्यांनी हवा हुंगली. "हा उग्र वास कसला?"

यंत्र बघून त्या लगेच म्हणाल्या, "ते बंद करा आधी. यातून ओझोन वायू निघतो. ताणलेल्या रबराला तो खातो. एकदा बारीकशी चीर पडली की सगळी ओढ तिच्या टोकावर येते आणि ती पुढे पुढे सरकते. सैल रबराला असं होत नाही. कपाटात वायू फारसा पोचलाच नसणार. आणि तुमच्या छातीलाही तो बरा नाही."

"माझ्या खोलीला वास येतो म्हणून आणलं असेल ते," काका पुटपुटले.

"तुम्हाला खोकला होता म्हणून आणलं," सून आतूनच म्हणाली.

यंत्र दुकानात परत गेलं. व्यायाम झाला की पट्टी सोडून डब्यात ठेवायची असं ठरलं. ती बांधायची तर कुणीतरी हवंच. दोन दिवस काका व्यायामाविना पडून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली, "सूनबाई, जरा गाठ मारून देतेस?"

ती आली. गाठ मारण्याआधी तिनं पट्टी त्यांच्यासमोर लांब धरली. "नीट बघून घ्या. मग म्हणाल मी कापली."

"काही गरज नाही," काका म्हणाले. पण नजर पट्टीवरून टोकापर्यंत फिरलीच. तिनं ते पाहिलं आणि गाठ आवळली.

"क्लास सुरू कर परत," काका खिडकीकडे बघत म्हणाले. "मी दुपारी झोपत नाही."

"बघू," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात बाहेरच्या खोलीत पुन्हा बायका येऊ लागल्या. काका दाराशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येकीला, कोण, कुठून आलात, ते विचारत.